अल गराफाची बाग आणि आपले बाकडे



आम्ही दोघे नवराबायको फुटबॉलच्या वाटेला जन्मात गेलो नव्हतो. तरी २०२२ च्या डिसेंबरात कतार देश बघून आलो, तो फुटबॉलच्या पुण्याईने. त्या वर्षी तिथे विश्वचषक होता आणि स्पर्धेपुरती तेल अवीवहून दोह्याला थेट विमाने सुटत होती. नातवाने हट्ट धरला, मुलाने तिकिटे काढली. "सबा, सावता, तुम्हीपण चला, घरात बसून काय करणार?" असे म्हणून त्यांनी आमचेही बोचके बांधले. खेळाची तिकिटे मात्र दोनच मिळाली होती. तेव्हा खेळ बापलेकांनी बघायचा आणि आम्ही दोघांनी काय करायचे, ते आमचे आम्ही ठरवायचे, असा बेत झाला.

उतरायला खोली मिळाली ती अल गराफा या वस्तीत. दोहा शहराच्या वायव्येला, अल रय्यान नगरपालिकेच्या हद्दीत ही वस्ती आहे. रुंद रस्ते, मोठमोठे मॉल, उंच कुंपणाची घरे. अरबीत 'गरफ' म्हणजे ओंजळीने किंवा पळीने पाणी उचलून घेणे, आणि वस्तीच्या नावाचे मूळ त्याच शब्दात आहे. हे ऐकून आम्हांला गंमत वाटली. कारण कतारमध्ये नदी एकही नाही, आणि पाऊस सबंध वर्षात जेमतेम ७५ मिलिमीटर. आमच्या अलिबागेकडे दोन हजारांच्या वर पडतो! इथे प्यायचे पाणी समुद्राचे गोडे करून घेतात आणि बागांना सांडपाणी शुद्ध करून घालतात. आपल्या इस्रायलातही सांडपाण्याचा बहुतेक भाग शुद्ध होऊन शेतीलाच जातो, तेव्हा त्यात आम्हांला नवल वाटले नाही.

६ डिसेंबरची संध्याकाळ. त्या दिवशी जवळच्याच एज्युकेशन सिटी मैदानावर मोरोक्को आणि स्पेनचा सामना होता. बापलेक दुपारीच निघून गेले. आम्ही थर्मासात चहा भरला आणि अल गराफाच्या बागेकडे चालू लागलो.

गार वाऱ्याची वाट

ही बाग विश्वचषकाच्या आधी थोडी वर्षे लोकांसाठी खुली झाली. हिरवळ आहे, मुलांना घसरगुंड्या-झोपाळे आहेत, सायकलची वाट आहे. पण तिचे नाव झाले ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे. इथे चालण्या-धावण्यासाठी ६५७ मीटर लांबीची एक वाट आहे आणि ती उन्हाळ्यात यंत्राने गार ठेवतात. म्हणजे बाहेर जीव भाजून निघत असताना वाटेवर हवा साधारण २६ ते २८ अंश. पुढे उम्म अल सनीम नावाच्या दुसऱ्या बागेत अशीच, पण एक किलोमीटरहून लांब वाट त्यांनी बांधली.

आम्ही गेलो ते थंडीचे दिवस. गार हवेची गरजच नव्हती, संध्याकाळी शाल घ्यावी अशी हवा होती. खरे सांगायचे तर पहिल्यांदा आम्ही नाकच मुरडले. बागेत जायचे ते मोकळी हवा खायला, आणि तिथेही यंत्र? हे म्हणजे पैशाचे चोचले! असे बोलत बोलत एका बाकड्यावर टेकलो. चहा ओतला. आणि मराठीतच बोलत होतो म्हणून शेजारच्या बाकड्यावरचे एक गृहस्थ एकदम वळले.

"कुठले तुम्ही? कोकणातले?"

पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात काठी. श्रीवर्धनकडचे होते. मुलगा दोह्यात नोकरीला, म्हणून म्हातारपणी त्याच्याकडे येऊन राहिलेले. आम्ही म्हटले, "आम्ही मूळचे रेवदंड्याकडचे. आता इस्रायलला असतो."

गृहस्थ क्षणभर थांबले. आमच्याही पोटात जरा धस्स झाले. मग ते हसून म्हणाले, "म्हंजे शनवार तेली! आमच्या आळीच्या टोकाला तुमच्यातलं एक घर होतं की. शनवारी घाणा बंद."

वाचकहो, 'शनवार तेली' हे नाव आपल्यातल्या पुष्कळांनी आता फक्त पुस्तकात वाचले असेल. कोकणात आपले पूर्वज तेल गाळीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी दिलेले ते नाव. वाळवंटातल्या बागेत, परक्या मुलखात, ते एका श्रीवर्धनकराच्या तोंडून ऐकताना आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. "बाय, चहा सांडेल हां," असे ते आमच्या घरच्या मंडळींना म्हणाले, तेव्हा सगळेच हसलो.

"चालायला सांगतो डॉक्टर, येतो मी बोलायला"

मग गोष्टी निघाल्या. त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरने रोज चालायला सांगितलेले. पण मे ते सप्टेंबर इथे बाहेर चालायचे कसे? दुपारी पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि समुद्राकाठची दमट हवा रात्रीही सोडत नाही. या देशात १ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावरची कामे सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत बंद ठेवावीत, असा २०२१ पासून नियम आहे. धडधाकट कामगारांची ही कथा, तर सत्तरीच्या माणसाची काय असेल! ते म्हणाले, "पहिल्या उन्हाळ्यात चार महिने खोलीत होतो. एसी होता, टीव्ही होता, सून चांगली. पण भाऊ, भिंतीशी किती बोलणार? पाय गेले ते गेलेच, बोलणं पण विसरायला लागलो."

दुसऱ्या उन्हाळ्यात मुलाने त्यांना या गार वाटेवर आणून सोडले. आता ते तीन फेऱ्या घालतात. (मुलांनो, हिशेब करा बघू: ६५७ गुणिले ३ म्हणजे किती? दोन किलोमीटरला थोडेसेच कमी!) फेऱ्या झाल्या की बाकडे. तिथे एक केरळचा, एक हैदराबादचा आणि एक पेशावरचा म्हातारा येतो. चौघांची भाषा मोडकी हिंदी. कोणाचे गुडघे, कोणाची सून, कोणाच्या गावातला पाऊस, सगळ्याची चौकशी होते.

"चालायला सांगतो डॉक्टर," ते म्हणाले, "पण येतो मी बोलायला. चालणं होतं आपोआप."

आमची मघाची पैशाच्या चोचल्याची भाषा तिथेच विरघळली. यंत्राला पैसा लागतो, वीज लागते, हे खरेच आहे. सगळ्यांना ते परवडणारही नाही. पण त्या वाटेने एका म्हाताऱ्या माणसाला चार महिन्यांच्या कोंडवाड्यातून बाहेर काढले, हे आमच्या डोळ्यांसमोर होते.

उठताना त्यांनी आम्हांला रस्त्याकडेचे एक झाड दाखवले. सिद्र. कतारचे मानाचे झाड. बारीक गोल पाने, काटे आणि छोटी पिवळी फळे. हे तर आपल्या बोरीचे भाऊबंद! हेच झाड आपल्या इस्रायलातही वाढते, हिब्रूत त्याला 'शेझाफ' म्हणतात. रोज त्याच्या खालून जातो, पण वर बघतो कोण?

माणसे बागेत का जातात

परत आल्यावर या विषयाने आमचा पिच्छा सोडला नाही. मोठी माणसे बागेत, रानात, समुद्रावर का जातात? मुलांचे ठीक आहे, त्यांना खेळायचे असते. आपल्याला काय हवे असते?

विद्वानांनी यावर पुष्कळ काम केले आहे. अमेरिकेतल्या रॉजर अल्रिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळाचे टिपण प्रसिद्ध केले. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रोग्यांपैकी काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधेही कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले की जे आठवड्यातून दोन तास तरी झाडाझुडपांत, बागेत, समुद्रकाठी घालवतात, ते आपली तब्येत आणि मन बरे असल्याचे जास्त प्रमाणात सांगतात. दोन तास एकदम काढा नाहीतर तुकड्यांनी, फरक पडत नाही. आता बागेत गेल्याने तब्येत सुधारते की तब्येत बरी असलेलेच बागेत जातात, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण म्हाताऱ्या आणि आजारी लोकांतही तसेच दिसले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना आठवड्यात निदान १५० मिनिटे बेताचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीच्या पुढे तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस.

हे सगळे खरे. पण आपले आयुष्य आठवून बघितले तर तब्येतीसाठी म्हणून आपण बागेत कधी गेलो होतो?

मुंबईत भायखळा, माझगाव, उमरखाडी भागात वाढलेल्यांना राणीची बाग आठवत असेलच. १८६२ साली उघडलेली ती बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथला घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीतला. ते बगदादी यहुदी आणि आपण बेने इस्राएल, पण "आपल्या माणसाचं घड्याळ" म्हणून वडीलधारी मंडळी कौतुकाने दाखवायची. सुट्टीच्या दिवशी डब्यात चपात्या आणि अंडी घेऊन अख्खा चाळीचा मजला तिथे जायचा. हत्ती बघायला पोरे जात. आया मात्र झाडाखाली सतरंजी टाकून आठवड्याचे बोलणे उरकून घेत. बापेमंडळी टोपी तोंडावर घेऊन आडवी होत. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला पाय लांब करायला तेवढीच जागा!

आणि गावाकडे? अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा आहे. हन्नाबीचा रथ तिथे उतरला आणि खडकावर खुणा उमटल्या, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा. तू बिश्वातला तिथे जायचे. माळ, झाडे, कातळ. तिथेच पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची कालवून मलिदा करायचा, फळे मांडायची, सब्ज्याचा वास घ्यायचा, नवस फेडायचा. झाडांचा वाढदिवस तो झाडांतच साजरा व्हायचा. कोणी त्याला निसर्गसहल म्हटले नाही. पण म्हातारी आजीही बैलगाडीत बसून, मग पायी, तिथे पोहोचायचीच, कारण नवस घरात बसून फिटत नाही.

इथे आल्यावर आपल्या लोकांनी हैफ्याची वाट धरली. कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी समुद्राजवळ एलियाहू हन्नाबीची गुहा आहे. बसगाड्या करून लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेएर शेवाहून आपली माणसे तिथे जातात. वाटेत गाणी, उतरल्यावर डबे, मग मलिदा. बेन शेमेनच्या रानात स्वातंत्र्यदिनाला शेगडीचा धूर करायला सगळा देश जमतो, त्यात आपल्या मसाल्याचा वासही मिसळतो.

तेव्हा आमच्या मते माणसे हिरव्या जागी जातात त्याला तीन कारणे. एक, घर लहान पडते. दोन, देवाशी किंवा स्वतःशी काही बोलायचे असते. तीन, आणि सगळ्यांत मोठे, तिथे कोणीतरी आपली वाट बघत असते. श्रीवर्धनकरांनी एका वाक्यात सांगितले ते हेच.

वरच्या मजल्यावरच्या मावशी

आता घरची गोष्ट. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या पेणच्या, ऐंशीच्या पुढच्या. नवरा वारला, मुले दुसऱ्या गावी. इमारतीला लिफ्ट नाही. चार वर्षांमागे जिन्यात पडल्या आणि त्या दिवसापासून खाली उतरणे बंद. भाजी पोरगा आणून देतो, औषधे शेजारीण. सगळे म्हणायचे, "मावशींची सोय छान आहे हो."

सोय छान होती, पण मावशी गप्प होत चालल्या होत्या. आम्हांला अल गराफाचे बोलणे आठवले: भिंतीशी किती बोलणार?

आमच्या घराजवळ छोटीशी बाग आहे. चार निलगिरी, दोन शेझाफ. तिथे म्हातारी माणसे का येत नाहीत म्हणून आम्ही एक दिवस मुद्दाम बघत बसलो. कारणे समोरच होती. सावलीतले बाकडे मोडून पडलेले, उरलेले दोन भर उन्हात. जवळपास संडास नाही. फुटपाथच्या फरश्या उचकटलेल्या. म्हणजे बाग होती, पण तिथे बसायचे ते तरुण गुडघ्यांनीच! इरियाकडे अर्ज दिला. उत्तर आले नाही. दुसरा दिला. मग मोआदोनमधल्या सतरा जणांच्या सह्या घेऊन तिसरा दिला. नऊ महिन्यांनी एक बाकडे झाडाखाली आले. संडास अजून नाही. अर्ज चालू आहेत.

त्यात २०२३ चा ऑक्टोबर आला. त्या दिवसांत कोण बागेत जाणार? सायरन झाला तर मिक्लातपर्यंत पळायला पाय हवेत. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी तेव्हा दार लावून घेतले ते लावलेच. बाहेर शांत झाले तरी पायांतली भीती गेली नाही. मावशी म्हणायच्या, "आता काय राहिलंय बाहेर?"

आम्ही वाद घातला नाही. पहिल्या आठवड्यात फक्त दाराबाहेर खुर्ची टाकून दहा मिनिटे बसलो. मग एक जिना. मग मधल्या मजल्यावर स्टूल ठेवले, तिथे दम खायचा. आमचा नातू, फुटबॉलवाला, आता चांगला उंच झाला आहे. तो दर शुक्रवारी सकाळी पुढे एक पायरी उतरून उलटा उभा राहायचा, म्हणजे पडल्या तर आपल्या अंगावर पडतील. मावशी त्याला रागावायच्या, "मी काय पोतं आहे का?" पण हात धरायच्या. फाटकापर्यंत यायला दोन महिने लागले, बाकड्यापर्यंत चार. मिक्लात कुठे आहे ते आधी त्यांना दाखवून आणले, तेव्हा त्यांचा जीव स्वस्थ झाला.

पहिल्या दिवशी बाकड्यावर बसल्यावर त्या पुष्कळ वेळ काही बोलल्याच नाहीत. मग शेझाफकडे बघून म्हणाल्या, "ही बोरं खातात का इथे?" नातवाने दोन वेचून दिली. मावशींनी एक तोंडात टाकले आणि तोंड वाकडे करून म्हणाल्या, "आमच्या पेणची गोड होती." त्यानंतर पाऊण तास पेण, तिथले गणपतीवाले, आईच्या हातची भाजी, सिनेगॉगची पायरी, असे सगळे निघाले. नातवाला त्यातले अर्धे मराठी कळले नाही. पण तो उठला नाही.

आमची विनंती

अल गराफाला आता आपल्याला जाता यायचे नाही, ती विमाने तेवढ्यापुरतीच होती. श्रीवर्धनकर आजही फेऱ्या घालीत असतील अशी आशा करतो. त्यांच्या बागेतली गार वाट आपण कुठून आणणार? पण ज्या गोष्टी लागतात त्या साध्याच आहेत. जागा घरापासून दहा मिनिटांवर हवी. सावली हवी. टेकायला बाकडे हवे. आणि बरोबर कोणीतरी हवे. पहिल्या तिन्हींसाठी इरियाच्या मागे लागा, एकट्याने नको, सह्या घेऊन लागा. चौथी मात्र कोणतीही इरिया देणार नाही, ती आपणच द्यायची.

वडील मंडळींना एवढेच सांगणे: उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर निघा. पाण्याची बाटली, टोपी, काठी विसरू नका. तोल जात असेल तर आधी डॉक्टरला विचारा. फोन बरोबर ठेवा. आणि "मला काय करायचंय बागेत" असे म्हणू नका. कदाचित तिथे दुसरा कोणी तुमचीच वाट बघत बसला असेल.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. येत्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या सबा-सावताला जवळच्या बागेत घेऊन जा. पायऱ्या उतरताना पुढे तुम्ही राहा. तिथल्या एका झाडाचे नाव हिब्रूत तुम्ही सांगा, मराठीत त्यांना विचारा. दोन्ही नावे कागदावर लिहा आणि मोआदोनमध्ये आणून द्या. येत्या तू बिश्वातला आपण सगळ्या नावांचा एक मोठा तक्ता करून मलिद्याच्या ताटाशेजारी लावू.

आमचे बाकडे निलगिरीखाली आहे. शुक्रवारी सकाळी साडेसातला आम्ही तिथे असतो. मावशीही असतात. चहा थर्मासात असतो, पेले मात्र आपापले आणा.

शब्बाथ शालोम.